हॉटसीटवर बसण्याआधी स्वतःच्या खात्रीचं माप घ्या

प्रश्न असा आला आहे: "मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. टीव्हीवरच्या करोडपती खेळाच्या निवड चाचणीतून पुढे गेले आहे. पाच आठवड्यांनी चित्रीकरण आहे. शाळा सुटल्यावर रोज चार तास सामान्य ज्ञानाची पुस्तकं पाठ करते, पण जितकं वाचावं तितकं राहून गेलेलंच जास्त दिसतं. नेमकं काय वाचू? लाइफलाइन कधी वापरायच्या आणि खेळ कुठे सोडायचा?"

ताई, सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन. बावीस वर्षं मी शाळा-कॉलेजांच्या प्रश्नमंजुषांसाठी प्रश्न काढतो आहे आणि या खेळात गेलेल्या अकरा जणांची तयारी माझ्या समोर बसून झाली आहे. त्या जोरावर सांगतो, रोजचे चार तास दोनवर आणा. उरलेले दोन तास एका वेगळ्या कामाला द्या. ते काम म्हणजे आपल्याला काय येतं यापेक्षा, जे येतं ते किती खात्रीने येतं, हे शोधणं.

यामागचं कारण खेळाच्या रचनेतच आहे. ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९९८ ला हा खेळ सुरू झाला आणि ३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' या नावाने आपल्याकडे आला. त्याआधीच्या बहुतेक प्रश्नमंजुषांत प्रश्न आला की उत्तर द्यायचं किंवा सोडायचं, मार्क मिळाले तर मिळाले. इथे मात्र प्रश्न आणि चारही पर्याय डोळ्यांसमोर असतात, आणि ते बघून मग ठरवायचं असतं की खेळायचं, मदत (म्हणजे लाइफलाइन) घ्यायची की पैसे घेऊन उठायचं. म्हणजे प्रत्येक प्रश्नात दोन प्रश्न असतात. पहिला संगणक विचारतो, दुसरा तुम्ही स्वतःला विचारायचा: मला हे नक्की माहीत आहे की नुसतं तसं वाटतंय? माझ्या समोर बसून तयार झालेली जी माणसं हरली, ती बहुतेक या दुसऱ्या प्रश्नात हरली.

आपल्या महाराष्ट्राचीच तीन नावं बघा. २००० साली पहिले करोडपती झालेले हर्षवर्धन नवाथे नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होते. २०१९ मध्ये एक कोटी जिंकलेल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. २०२२ मध्ये एक कोटीपर्यंत पोचलेल्या कोल्हापूरच्या कविता चावला बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी, आणि पहिल्या हंगामापासून प्रयत्न करत आलेल्या. किती पुस्तकं पाठ आहेत यावरच हा खेळ ठरत असता, तर ही तीन माणसं एका यादीत आली नसती.

आता वहीचं सांगतो, कारण माझ्या मते सगळी तयारी तिथेच होते.

एक दोनशेपानी वही घ्या. रोज पन्नास प्रश्न सोडवा, चार पर्यायांचेच. उत्तर लिहिलं की लगेच, बरोबर की चूक ते बघण्याआधी, त्याच्यापुढे एक आकडा लिहा: ९०, ७०, ५० किंवा २५. ९० म्हणजे "यावर घरचं सोनं गहाण ठेवेन". ७० म्हणजे "बहुतेक हेच". ५० म्हणजे "दोनातलं एक". २५ म्हणजे "काहीच कळत नाही, बोट ठेवलं". दहा दिवसांनी बसून मोजा. ९० लिहिलेल्यांपैकी किती बरोबर आले? ५० वाल्यांपैकी किती?

सोलापूरकडच्या एक अंगणवाडी सेविका माझ्याकडे तयारीला यायच्या. मुलाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून त्यांनी वही केली होती आणि आकडे लाल पेनाने लिहायच्या. दहा दिवसांनी आम्ही मोजायला बसलो. ९० लिहिलेली चाळीस उत्तरं होती, त्यांतली अठ्ठावीसच बरोबर निघाली. त्या गप्पच झाल्या. मग मी त्यांना ५० वाली चव्वेचाळीस मोजायला सांगितली, तर त्यांतली छत्तीस बरोबर! आम्ही विषय लावून पाहिले. चुकलेल्या ९० मध्ये राजकारण, पुरस्कार, सिनेमा, म्हणजे टीव्हीवर रोज कानावर पडणारं. बरोबर आलेल्या ५० मध्ये नद्या, पिकं, शरीरशास्त्र, पुराणकथा, म्हणजे शाळेत शिकलेलं आणि घरात मुरलेलं. जे कानावर पडलं होतं त्यावर त्यांचा नको इतका विश्वास होता, आणि जे खरोखर येत होतं तिथे त्या कचरत होत्या. त्या दिवशी ही गोष्ट कळली नसती, तर नद्यांवर लाइफलाइन संपल्या असत्या आणि सिनेमावर बेधडक उत्तर लॉक झालं असतं.

तुमची वही वेगळंच काहीतरी सांगेल. शिक्षकांच्या बाबतीत मला एक गोष्ट नेहमी दिसते: जे वर्गात दरवर्षी शिकवतात त्यात ते पक्के असतात, पण जे एकदाच शिकवलं आणि नंतर पुस्तक बदललं, तिथे जुनी माहिती खात्रीने सांगतात. जिल्ह्यांची संख्या, शहरांची नावं, संस्थांची नावं, पदावरची माणसं ही सगळी बदलणारी माहिती. तिच्यापुढे ९० लिहिण्याआधी एकदा थांबा.

काय वाचायचं, याचं उत्तर देण्याआधी प्रश्न काढणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते सांगतो. आम्ही आधी उत्तर धरतो, मग त्याचा 'शेजारी' शोधतो. चार पर्यायांत एक बरोबर, एक अगदी लागून असलेला शेजारी आणि दोन त्याच गल्लीतले. समजा उत्तर आहे बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण'चे संपादक, १८३२. मी शेजारी म्हणून भाऊ महाजन घेईन, कारण त्यांनी 'प्रभाकर' काढलं. मग लोकहितवादी घेईन, कारण त्यांची शतपत्रं त्याच 'प्रभाकर'मधून आली. चौथे विष्णुशास्त्री चिपळूणकर. ज्याने "दर्पण म्हणजे जांभेकर" एवढंच घोकलंय तो या प्रश्नात तरेल, पण मी उलटा फिरून "शतपत्रं कुठल्या पत्रात छापून आली?" असं विचारलं की तोच अडकेल.

म्हणून वाचताना प्रत्येक गोष्टीचे तीन चुकीचे पर्याय स्वतः लिहा. खोटं वाटेल, पण चार तासांच्या घोकंपट्टीपेक्षा एक तास असे पर्याय काढण्यात जास्त शिकायला होतं. चुकीचा पर्याय लिहायचा तर तो चुकीचा का, हे कळावंच लागतं. बाबासाहेबांचं 'मूकनायक' १९२० चं. मग 'बहिष्कृत भारत' कधीचं? १९२७. 'जनता'? १९३०. 'प्रबुद्ध भारत'? १९५६. एका प्रश्नाच्या पोटी चार पक्क्या गोष्टी हाती आल्या, आणि 'क्रमाने लावा'चा एक प्रश्नही तयार झाला.

नवाथेंचा एक कोटीचा प्रश्न याच घडणीचा होता: संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना यांपैकी कोणाला देते? उत्तर, ॲटर्नी जनरल. शेजारी होते सॉलिसिटर जनरल. दोघेही सरकारचे वकील, नावंही सारखी. पण घटनेच्या ८८ व्या कलमात या दोघांपैकी फक्त ॲटर्नी जनरलचं नाव आहे. त्यांना सभागृहात बोलता येतं, मतदान करता येत नाही. फरक माहीत असलेल्यालाच इथे निवांत झोप लागेल, "कायदेमंत्र्यासारखं कोणीतरी" एवढंच आठवणाऱ्याला नाही.

आणि जे माहीत नाही तेही कधीकधी काढता येतं. २०११ मध्ये मोतीहारीच्या सुशील कुमार यांना पाच कोटींसाठी विचारलं होतं की १८ ऑक्टोबर १८६८ ला निकोबार बेटांचे हक्क इंग्रजांना विकून कुठली वसाहतवादी सत्ता भारतातून बाहेर पडली? पर्याय होते बेल्जियम, इटली, डेन्मार्क आणि फ्रान्स. उत्तर ठाऊक नसेल तरी मोठ्याने विचार करून बघा. फ्रान्स पुदुच्चेरीत १९५४ पर्यंत होता, म्हणजे १८६८ ला तो 'बाहेर पडला' असं कसं म्हणता येईल? गेला फ्रान्स. इटली हे एक राज्य म्हणून उभंच राहिलं १८६१ मध्ये, तर बेल्जियम १८३० मध्ये. दोघांनाही जुन्या व्यापारी कंपन्यांचा काळ मिळालाच नाही. राहिला डेन्मार्क, आणि तमिळनाडूतलं तरंगमबाडी किंवा बंगालमधलं श्रीरामपूर (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे) डॅनिश लोकांचं होतं हे कुठेतरी वाचलेलं असतं. पंचवीस टक्क्यांवरून नव्वदवर येण्याचा रस्ता हा असा. वहीत '२५' लिहिलेल्या प्रश्नांवर रोज हाच व्यायाम करा: बरोबर काय ते सोडा, चुकीचं काय आणि का, ते बोलून दाखवा.

खेळ हिंदीत असेल तर एक बारीक गोष्ट. आपल्या लोकांना हिंदी येतं, पण सारखे दिसणारे शब्द घात करतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'आपत्ति' म्हणजे हरकतही, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'राज़ीनामा' म्हणजे समझोता. ताणाखाली मन आपल्या भाषेतला अर्थ आधी उचलतं. शेवटच्या दोन आठवड्यांत सगळे सराव प्रश्न ज्या भाषेत खेळायचं त्याच भाषेत सोडवा.

फास्टेस्ट फिंगरची तयारी बहुतेक जण करतच नाहीत आणि तिथूनच परत येतात. दहा जणांत सगळ्यात आधी बरोबर क्रम लावला तरच हॉटसीट. इथे ज्ञान साधारण शाळेतलंच लागतं, हात मात्र वेगळे लागतात. आधी प्रश्नातली दिशा पकडा: उत्तरेकडून दक्षिणेकडे की उलट, जुन्यापासून नव्याकडे की उलट. मग पहिला आणि शेवटचा नक्की करा, मधले दोन आपोआप कमी गोंधळाचे होतात. कोल्हापूर, नंदुरबार, पुणे, नाशिक हे उत्तरेकडून लावायचे तर नंदुरबार आणि कोल्हापूर ही दोन टोकं आधी दिसतात, मग नाशिक-पुण्यात चूक होत नाही. कर्वे, काणे, आंबेडकर, लता मंगेशकर हे भारतरत्न मिळाल्याच्या वर्षाने लावा: १९५८, १९६३, १९९०, २००१. इथेही टोकं आधी. पुठ्ठ्यावर अ, ब, क, ड अशी चार बटणं काढून त्यांवर बोटं फिरवायची सवय लावा. घरातल्या कोणालातरी घड्याळ धरायला बसवा. हसतील, हसू द्या.

लाइफलाइनची नावं आणि संख्या हंगामागणिक बदलत आली आहे. कधी तज्ज्ञांचा सल्ला, कधी दोनदा उत्तर द्यायची मुभा. २०२० मध्ये कोरोनामुळे प्रेक्षकच नव्हते, तेव्हा त्यांच्या मताऐवजी मित्राला व्हिडिओ कॉल आला. तुमच्या हंगामात कुठल्या आहेत ते विचारून घ्या. तीन जुन्या लाइफलाइनबद्दल मात्र सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

प्रेक्षकांचं मत रोजच्या जगण्यातल्या गोष्टींवर घ्या: सिनेमा, क्रिकेट, खाणंपिणं, जाहिराती, गाणी. अमेरिकेतल्या खेळाचा एक हिशेब प्रसिद्ध आहे. तिथे प्रेक्षकांचं बहुमत ९१ टक्के वेळा बरोबर आलं, तर फोनवरचा मित्र ६५ टक्के वेळा. पण ही एवढी टक्केवारी बहुतांशी खालच्या, सोप्या प्रश्नांची आहे हे ध्यानात ठेवा. प्रेक्षक सामूहिकपणे चुकतातही. फ्रान्समध्ये एका स्पर्धकाने 'पृथ्वीभोवती काय फिरतं' यावर प्रेक्षकांना विचारलं, आणि ५६ टक्के लोकांनी सूर्य सांगितलं. घटना, विज्ञान, सन-सनावळी यांवर प्रेक्षकांकडे जाऊ नका. आणि घ्यायचीच आहे तर पहिल्या दहा प्रश्नांत घ्या. पुढे ती जवळजवळ वाया जाते.

फिफ्टी-फिफ्टीबद्दल एक समज पक्का बसला आहे की ती नेहमी अवघड जोडीच शिल्लक ठेवते. काढले जाणारे दोन चुकीचे पर्याय खरोखर आंधळेपणाने निवडले जात असतील, तर तुमचा घोटाळा करणारा शेजारी शिल्लक राहण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोनदा गोंधळ सुटतो. दोनातलं एक ठरत नसेल तेव्हा ही सगळ्यात चांगली मदत. काहीच येत नसताना वापरली तर पंचवीसचे पन्नास होतात, पण पन्नासवर मोठी रक्कम लावायला कोणाचंही मन धजत नाही.

आणि आता फोनचं. हे सांगताना मला आजही वाईट वाटतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात एका तरुण स्पर्धकाने मला फोनमित्र म्हणून ठेवलं होतं. मी दुपारपासून फोनपाशी बसून होतो. फोन आला, तीस सेकंद सुरू झाले. तो घाईत म्हणाला, "सर, राजा हरिश्चंद्र मुंबईत कुठल्या थिएटरला दाखवला? ऑलिंपिया, कोरोनेशन..." पुढचे दोन पर्याय मी ऐकलेच नाहीत. ऑलिंपिया माझ्या डोक्यात लख्ख होतं. मी म्हणालो, "ऑलिंपिया. नक्की." त्याने लॉक केलं आणि तो खालच्या पडावावर, म्हणजे चुकलं तरी जी रक्कम हातात राहते त्या टप्प्यावर, आला. मूळ प्रश्नात तारीख होती: ३ मे १९१३, लोकांसाठीचं पहिलं प्रदर्शन. ते गिरगावच्या कोरोनेशनमध्ये झालं. ऑलिंपियात २१ एप्रिलला झाला तो निमंत्रितांसाठीचा खेळ. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. त्याने तारीख वाचली नाही, मी ती विचारली नाही, आणि "नक्की" हा शब्द मात्र मी उच्चारला.

त्यानंतर प्रत्येक स्पर्धकाला मी तीन गोष्टी करायला लावतो. पहिली, प्रश्न शब्दशः वाचायचा, आपल्या शब्दांत सांगायचा नाही, आणि त्यातली तारीख, 'पहिला', 'यांपैकी कोण नाही' असे शब्द जोर देऊन वाचायचे. दुसरी, नमस्कार-चमत्कार नाहीत. प्रश्न आणि चार पर्याय वाचायलाच बारा-पंधरा सेकंद जातात. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, मित्राने उत्तराबरोबर आकडा सांगायचा. "ऑलिंपिया, साठ टक्के" एवढं मी बोललो असतो, तर तो मुलगा कदाचित थांबला असता.

म्हणून फोनमित्र निवडताना गावातला सगळ्यात विद्वान माणूस शोधू नका. "मला माहीत नाही" हे ज्याला सहज म्हणता येतं असा शोधा. तुमच्या वहीत जे तीन विषय कच्चे निघतील, त्या प्रत्येकासाठी एक माणूस. अमेरिकेत १९ नोव्हेंबर १९९९ ला दहा लाख डॉलर जिंकणारे पहिले स्पर्धक जॉन कारपेंटर यांनी शेवटच्या प्रश्नाला वडिलांना फोन लावला, तो उत्तर विचारायला नाही, आपण जिंकतोय हे सांगायला. स्वतःच्या खात्रीचं माप इतकं पक्कं असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खेळ कुठे सोडायचा, यासाठी आधी कागदावर हिशेब करू. अनेक हंगाम चाललेली शिडी धरतो: दहाव्या प्रश्नाला ३,२०,००० चा पडाव, मग ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख, १ कोटी. तुमच्या हंगामाचे आकडे वेगळे असतील तर तेच गणित नव्याने करा.

पडाव ओलांडल्यावरचा पहिला प्रश्न कधीही सोडायचा नाही. ३,२०,००० वर असताना ६,४०,००० चा प्रश्न चुकला तरी ३,२०,००० घरी येतातच. गमवायला काहीच नाही. तरीही लोक इथे घाबरून उठतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चालेल, पण उठू नका.

त्यापुढे मात्र प्रत्येक पायरीला वजन आहे. ६,४०,००० वर आहात: बरोबर आलं तर ६,१०,००० वाढतात, चुकलं तर ३,२०,००० जातात. नुसत्या गणिताने बघितलं तर साधारण ३४ टक्के खात्री असली तरी खेळणं फायद्याचं. १२,५०,००० वरून २५ लाखांसाठी हाच आकडा ४३ टक्के, २५ वरून ५० साठी ४७, ५० वरून कोटीसाठी ४८. म्हणजे गणित सांगतं, पन्नास टक्के असेल तर खेळा.

मी तसं सांगणार नाही. हे गणित शंभर वेळा खेळणाऱ्याचं आहे. तुम्ही एकदाच बसणार आहात. आज घरात १२,५०,००० असणं आणि नसणं यातला फरक, १२,५०,००० आणि २५ लाख यांतल्या फरकापेक्षा तुमच्या संसारात मोठा असू शकतो. माझा नियम असा: १२,५०,००० वर आलात की स्वतःच्या वहीप्रमाणे खरा उतरलेला ७० हवा, ५० लाखांवर ८०. "खरा उतरलेला" हे विसरू नका. त्या सोलापूरच्या ताईंचा ९० हा प्रत्यक्षात ७० होता. तुमचा किती, ते वही सांगेल.

कविता चावलांचं उदाहरण इथे फार विचार करण्यासारखं आहे. त्या हंगामात ७५ लाखांचा एक नवा पडाव होता. कोटी हातात असताना साडेसात कोटींचा प्रश्न चुकला असता तरी ७५ लाख राहिले असते. प्रश्न होता, प्रथम श्रेणी पदार्पणात द्विशतक करणारा पहिला भारतीय ठरताना गुंडाप्पा विश्वनाथ कोणाविरुद्ध खेळत होते? उत्तर आंध्र. कागदावर बघितलं तर चिठ्ठी टाकून उत्तर देणंही फायद्याचं दिसतं. त्या थांबल्या. मी त्यांना चूक म्हणणार नाही. काहीच माहीत नसताना चारांतून तीनदा पंचवीस लाख जाणार होते, आणि ते पंचवीस लाख त्यांच्या घरचे झालेले होते.

आता करांबद्दल, कारण हे आधी माहीत नसलं की नंतर धक्का बसतो. बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर लागतो. त्यात कसलीही वजावट चालत नाही आणि खालचे टप्पेही लागू होत नाहीत. २५ लाख जिंकलात तर साडेसात लाख कर आणि त्यावर ४ टक्के उपकराचे ३०,०००, असे ७,८०,००० गेले. एक कोटीवर अधिभारही येतो: ३० लाख कर, त्यावर १० टक्के म्हणजे ३ लाख अधिभार आणि त्या सगळ्यावर उपकर, मिळून ३४,३२,०००. यातले ३० लाख रक्कम देतानाच कापले जातात. उरलेले सव्वाचार लाखांच्या वर विवरणपत्र भरण्याआधी तुम्हाला भरायचे असतात. इथेच लोक फसतात, कारण तोवर पैसे कर्जात आणि बांधकामात गेलेले असतात. पगार धरून एकूण उत्पन्न कोटीवर गेलं तर अधिभाराचा दर आणखी बदलतो. सीएला आधीच भेटून ठेवा. आणि तुम्ही सेवेत आहात, तेव्हा रजा आणि सहभागाची परवानगी लेखी घ्या. तोंडी होकारावर जाऊ नका.

पैसे आल्यानंतरची गोष्ट सुशील कुमार यांनी स्वतः उघडपणे लिहिली आहे: मदत मागणाऱ्यांची रीघ, फसलेले व्यवसाय, व्यसनापर्यंत गेलेले दिवस, आणि मग शिकवण्याकडे आणि झाडं लावण्याकडे परत येणं. ते सगळं लिहिण्याची हिंमत त्यांनी दाखवली याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. जिंकलात तर पहिले सहा महिने एकाही नातेवाइकाला हो किंवा नाही म्हणू नका. रक्कम मुदत ठेवीत टाका आणि "सहा महिन्यांनी बघू" एवढंच सगळ्यांना सांगा.

चित्रीकरणाच्या दिवसाबद्दल थोडंसं. स्टुडिओत थंडी असते, शाल किंवा स्वेटर ठेवा. थांबावं फार लागतं, आणि दुपारचं जड जेवण संध्याकाळी डोक्यावर बसतं. फोन जवळ नसतो, म्हणून घरच्यांचे निरोप आदल्या दिवशी संपवा. सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लावलेलं असतं, पुढे नसतं. नसतं तिथे खरोखर वेळ घ्या. सूत्रसंचालक गप्पांत मोठे असतात, समोर बसलेल्याला बोलतं करणं हे त्यांचं कामच. बोला, हसा, पण 'लॉक' म्हणण्याआधी प्रश्न पुन्हा एकदा पहिल्या शब्दापासून वाचा. मोठ्याने वाचलात तरी कोणी अडवत नाही.

तर पाच आठवडे असे लावा. पहिले दोन रोज पन्नास प्रश्न, आकडे आणि दहाव्या दिवशी मोजणी. तिसरा आणि चौथा, वहीने दाखवलेले तीन कच्चे विषय, पर्याय काढत काढत. शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका, चालू घडामोडी तेवढ्या बघा. आणि मोजणीनंतरच्या रविवारी तिन्ही फोनमित्रांना एकेक खोटा कॉल करून बघा: पूर्ण प्रश्न, चार पर्याय, समोर घड्याळ. तीस सेकंदांत त्यांच्या तोंडून उत्तराबरोबर आकडा निघाला नाही, तर पुन्हा लावा.